कबुतराला दाणा, शेजाऱ्याला जाळी

दादरच्या चौकातल्या कबुतरखान्यावर, म्हणजे कबुतरांना दाणे टाकायच्या जुन्या जागेवर, महापालिकेने ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला ताडपत्री घातली आणि ६ ऑगस्टला जमावाने ती ओढून काढली, त्या दिवसापासून मुंबईत कबुतर हा पक्षी राहिला नाही, तो एक पक्ष झाला. एका बाजूने जीवदयेचा घोष सुरू झाला, दुसऱ्या बाजूने फुप्फुसांचे एक्स-रे पुढे आले, आणि महापालिकेची निवडणूक तोंडावर असल्यामुळे पाहता पाहता या भांडणाला भाषेचा आणि धर्माचाही रंग चढला. जुलैअखेरीस उच्च न्यायालयाने दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्याचे निर्देश दिले होते. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. या साऱ्या गदारोळात एक साधी गोष्ट कोणीच विचारली नाही. चौकात दाणे टिपणारे हे कबुतर रात्री झोपते कुठे आणि अंडी कुठे घालते? ते चौकात राहत नाही. ते तुमच्या-आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत), छज्जावर, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे आणि गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेल्या बंद फ्लॅटच्या खिडकीत राहते. चौकातला दाणा आणि घरातली जागा हे एकाच प्रश्नाचे दोन तुकडे आहेत. पैकी एकावर शहर हमरीतुमरीवर आले आणि दुसरा प्रत्येकाने आपापल्या जाळीवाल्याकडे सोपवून दिला. माझे म्हणणे असे की कबुतरांना एकही पीस न दुखावता घरापासून दूर ठेवता येते. मात्र त्यासाठी दाणा आणि जागा या दोन्ही गोष्टी एकत्र, सावकाश आणि सामुदायिक रीतीने बंद कराव्या लागतात. नुसता दाणा बंद करणे हे अर्धे काम आहे. नुसती स्वतःच्या खिडकीला जाळी लावणे हे तर कामच नव्हे, ती शेजाऱ्याकडे केलेली रवानगी आहे.

शहरात आपण सरसकट कबुतर म्हणतो, पण मराठीत या पक्ष्याचे नाव पारवा, आणि त्याच्याच रंगावरून आपण पारवा रंग म्हणतो. गावाकडे ज्याने जुनी विहीर वाकून पाहिली आहे किंवा किल्ल्याचा कडा उतरताना पंखांचा फडफडाट ऐकला आहे, त्याला पारवा कुठे राहतो हे सांगावे लागत नाही. त्याला झाड नको, कपार हवी. आपण मात्र गेल्या शे-दीडशे वर्षांत समुद्रकाठी दगडाचे, विटांचे आणि मग सिमेंटचे कडे उभे केले आणि त्यांत जागोजागी कपारी ठेवल्या. जुन्या इमारतींना कोरीव कंगोरे आणि छज्जे होते. नव्या टॉवरांना वरपासून खालपर्यंत उघडे डक्ट, ड्राय बाल्कनी आणि एसीसाठीचे कठडे आहेत. या कपारीपासून हाकेच्या अंतरावर रोज पोत्यांनी चणे आणि ज्वारी पडत असेल, तर पारव्याच्या दृष्टीने याहून चांगला सह्याद्री कोणता? त्याची जोडी एका वेळी दोन अंडी घालते, साधारण अठरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात, आणखी महिना-सव्वा महिन्यात उडतात, आणि पुष्कळदा ती उडण्याआधीच मादी पुढची अंडी घालून मोकळी होते. ही रीत निसर्गातही आहे, परंतु तिथे अन्नाची टंचाई तिला आवर घालते. आपण तो आवर काढून घेतला, आणि आता संख्या वाढली म्हणून पक्ष्याला दोष देतो.

आरोग्याच्या बाजूने बोलणाऱ्यांशी माझे बहुतांशी जमते, म्हणूनच त्यांचे कुठे चुकते हे आधी सांगतो. ‘कबुतरामुळे फुप्फुसे निकामी होतात’ हे वाक्य सध्या ज्या सहजतेने फेकले जाते त्या सहजतेने ते खरे नाही. कबुतरांच्या शेजारी राहणाऱ्या बहुसंख्य माणसांना काहीही होत नाही. वाळलेल्या विष्ठेतील आणि पिसांच्या भुकटीतील प्रथिनांना काही जणांचीच प्रतिकारशक्ती अतिरेकी प्रतिसाद देते. त्या विकाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. त्याची कारणेही अनेक आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, फुप्फुसांच्या ऊतींना सूज आणणाऱ्या किंवा त्या कठीण करणाऱ्या आजारांच्या (आयएलडी) भारतीय नोंदवहीत १,०८४ रुग्ण होते. त्यांतील सुमारे ४७ टक्क्यांना हाच विकार होता, आणि त्या ४७ टक्क्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. पक्षी हेही कारण होते, पण ते एकटे नव्हते. तेव्हा कबुतराला सर्व खोकल्यांचा आरोपी करणारे लोक विज्ञानाच्या नावाने अतिशयोक्ती करीत आहेत, हा दाणेवाल्यांचा आक्षेप खोटा नाही. परंतु आक्षेप खरा ठरला म्हणून निष्कर्ष बदलतो का? हा विकार ज्याला होतो त्याच्या फुप्फुसाची लवचिकता हळूहळू जाऊ शकते, आणि एकदा तिथे व्रणासारखी कठीण ऊती तयार झाली की ती पूर्ववत होत नाही. आपल्याला हा त्रास होणार की नाही हे कोणालाही अगोदर कळत नाही. शिवाय कूलर माणूस स्वतः विकत घेतो आणि स्वतः बंद करू शकतो. डक्टमधून स्वयंपाकघरात येणारी भुकटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मागवलेली नसते. सार्वजनिक आरोग्यात प्रश्न ‘किती टक्के लोक आजारी पडतात’ एवढाच नसतो. ‘धोका कोणी निर्माण केला आणि तो कोणावर पडला’ हाही असतो.

आता दुसरी बाजू, आणि ती अधिक आदराने घेतली पाहिजे. चौकात दाणे टाकणारा माणूस दुष्ट नाही आणि मूर्खही नाही. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे आपल्या राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. पक्ष्याला मूठभर धान्य टाकून दिवसाची सुरुवात करणे हा अनेक घरांतला, आणि केवळ जैन घरांतला नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार आहे. कित्येक एकट्या वृद्धांना त्या अर्ध्या तासात जी सोबत मिळते ती त्यांची मुलेही देत नाहीत. यावर हसणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही. मात्र ज्या परंपरेचा दाखला दिला जातो ती परंपराच नीट वाचली तर ती काय सांगते? ससाण्यापासून वाचण्यासाठी शरण आलेल्या कपोताकरिता शिबी राजाने मांस दिले, ही कथा या वादात अनेकांनी सांगितली. शिबीने मांस दिले ते स्वतःच्या मांडीचे. समोरच्या इमारतीतल्या दमेकऱ्याचे नव्हे. दयेची किंमत दया करणाऱ्याने मोजायची, हा त्या कथेचा प्राण आहे, आणि चौकातल्या दाण्यात नेमका तोच हरवला आहे. दाणे टाकणारा पुण्य घेऊन घरी जातो, विष्ठा दुसऱ्याच्या छज्जावर राहते.

अहिंसेचा विचारही असाच नीट पाहावा. हे भांडण पेटले ते चातुर्मासात. चातुर्मासात जैन साधू-साध्वी विहार थांबवून एका जागी राहतात, कारण पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू वाढलेले असतात आणि चालताना नकळत त्यांची हिंसा होऊ नये. म्हणजे इथे अहिंसा ही काहीतरी करण्यात नाही, काहीतरी न करण्यात आहे. जैन आचारात ‘जयणा’ असा एक सुंदर शब्द आहे: प्रत्येक कृती करताना तिच्यामुळे कोणाला इजा पोहोचेल याचा आधी विचार करण्याची सावधगिरी. या जयणेने कबुतराच्या दाण्याकडे पाहिले तर काय दिसेल? अनैसर्गिक अन्नामुळे दाटीवाटीने जन्मलेली पिल्ले, एसीच्या पंख्यात आणि सैल जाळ्यांत अडकून मरणारे पक्षी, उरलेल्या दाण्यांवर रात्री पोसले जाणारे उंदीर आणि त्यांच्यासाठी कोणीतरी ठेवलेले विष. त्या मुठीच्या टोकाला असलेली हिंसा दिसत नाही, कारण ती दुसऱ्या गल्लीत घडते.

मुंबईच्या इतिहासात याचा एक धडा आहे आणि तो या वादात कुठेच ऐकू आला नाही याचे मला आश्चर्य वाटते. १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा फोर्टात दंगल उसळली. पारशी पुढे होते, हिंदू आणि जैनही होते. पण ते लोक दंगल करून थांबले नाहीत. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. जागा घेतली, पैसा उभा केला, जनावर आत घेतले आणि त्याच्या चाऱ्यापासून मरणापर्यंतची जबाबदारी पत्करली. ‘भुलेश्वरच्या लोकांनो, तुमच्या अंगणात आम्ही जनावरे सोडू आणि पुण्य आमच्या खात्यावर मांडू,’ असे त्यांनी म्हटले नाही. दादरचा कबुतरखाना १९३३ चा, आणि तेव्हा तेथे मोकळीक होती. आज त्याच्या चहूबाजूंनी खिडक्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीची व्यवस्था तशीच चालू ठेवणे म्हणजे परंपरा, की तिच्यामागची जबाबदारीची वृत्ती चालू ठेवणे म्हणजे परंपरा?

‘मग काय मारून टाकायची?’ हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि काही जण मनातल्या मनात त्याला ‘हो’ही म्हणतात. त्यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचा अनुभव पाहावा. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे पकडून किंवा गोळ्या घालून मारण्यात आली, आणि शहरातली संख्या वीस हजारांच्या आसपास होती तिथेच राहिली. कारण उघड आहे: अन्न तेवढेच असल्यामुळे मेलेल्यांच्या रिकाम्या कपारी नव्या पिल्लांनी भरल्या. १९८८ पासून डॅनियल हाग-वाकरनागेल या जीवशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्या शहराने वेगळी वाट धरली. दाणे टाकल्याने पक्ष्यांचेच हाल होतात हे नागरिकांना पत्रकांतून आणि भित्तिपत्रकांतून पटवले, आणि देखरेखीखाली काही मोजकी खुराडी बांधून तिथली अंडी नियमित काढून घेतली. पन्नास महिन्यांत पाहणीतील थव्यांची संख्या सुमारे १,४०० वरून ७०८ वर आली. इथे भर कत्तलीवर नव्हता. पुढची पिल्ले कमी जन्मावीत यावर होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने वरळी, अंधेरी, मुलुंड आणि बोरिवली अशा चार ठिकाणी सकाळी सात ते नऊ या वेळात दाणे टाकण्यास जी परवानगी दिली, ती पाहून मला बाझेलची आठवण झाली आणि तितकीच निराशाही. नियंत्रित जागा ही कल्पना बरोबर होती. पण बाझेलच्या योजनेत लोकांनी दाणा टाकणे कमी करणे हा मुख्य भाग होता आणि अंड्यांचे नियंत्रण ही त्याची जोड. आपण दोन्ही भाग गाळले आणि दाण्याचेच वेळापत्रक केले.

अंडी काढणे हीही हिंसाच, असे कोणी म्हणेल, आणि ज्याची श्रद्धा तशी आहे त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण मग त्याच्याजवळ अंडी पडण्याच्या आधीचा एकच उपाय उरतो: अन्न आणि जागा देऊन त्या अंड्याला निमंत्रण न देणे. दाणा एकाएकी बंद केल्यास पक्षी उपाशी मरतील, हा आक्षेप मात्र मला पूर्णतः मान्य आहे. एका रात्रीत ताडपत्री टाकणे हे प्रशासनाचे आळशी काम होते. ज्यांनी हजारो पक्षी एका चौकावर अवलंबून ठेवले त्यांनी काही महिन्यांत दाण्याचे प्रमाण उतरवत नेले असते, तर मोठे पक्षी दूरवर चरायला गेले असते आणि वीण आपोआप कमी झाली असती. व्हेनिसने २००८ मध्ये सेंट मार्क चौकात दाणे टाकण्यावर बंदी घातली, तेव्हा दाणे विकणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्नही उभा राहिला होता. दादरच्या दाणेविक्रेत्यांविषयी मात्र दोन्ही बाजूंनी एक अक्षर काढले नाही.

आता घराकडे येऊ, कारण अखेरीस माणूस रोज सकाळी भांडतो तो चौकाशी नाही, खिडकीशी. इथे पहिली अडचण अशी की बाजारात ‘पक्ष्यांना त्रास न देणारे’ म्हणून विकले जाणारे निम्मे उपाय एक तर निरुपयोगी आहेत किंवा क्रूर. प्लास्टिकचे घुबड आणि लटकवलेल्या सीडी चार दिवस काम करतात. पाचव्या दिवशी कबुतर घुबडाच्या डोक्यावर बसते. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने पक्षी पळवणारे यंत्र विकत घेणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की जो उंच आवाज आपल्याला ऐकू येत नाही तो कबुतरालाही येत नाही. चिकट जेल हा प्रकार तर बंदच व्हायला हवा, कारण त्यात पंख चिकटलेली चिमणी तडफडून मरते आणि वर धूळ साचली की कबुतर त्यावर निवांत बसते. काटेरी पट्ट्या बोथट टोकांच्या असतील तर अरुंद कठड्यावर चालतात, पण रुंद छज्जावर कबुतर त्याच काट्यांत काटक्या अडकवून पक्के घरटे बांधते. (२०२३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी तर असे दाखवले की तिकडचे कावळे आणि मॅगपाय हे काटे उपटून नेऊन त्यांचीच घरटी करतात. बुद्धीच्या या लढाईत पैज कोणावर लावावी, हे वाचकाने ठरवावे.) पकडून दूर सोडून येण्याची सेवा देणाऱ्यांना इतिहास ठाऊक नसावा. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली जी कबुतरांची टपालसेवा सुरू केली ती कबुतर घरी परत येते या एकाच गुणावर चालली होती. तुमचे पारवे कर्जतला सोडले तरी त्यांचे घर तुमची खिडकीच आहे.

जे उपाय खरोखर चालतात ते कंटाळवाणे आहेत, म्हणून त्यांची जाहिरात होत नाही. छज्जाचा वरचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांहून अधिक तिरका केला की पारव्याला पाय रोवता येत नाही. गवंड्याचे एका दिवसाचे काम आहे. एसीच्या युनिटमागची फट तारेच्या जाळीने बंद करता येते. कुंड्यांच्या मागे काटक्या दिसू लागल्या की त्या रोज काढून टाकाव्यात. अंडी पडण्यापूर्वी चार-आठ दिवस चिकाटी ठेवली तर जोडी दुसरी जागा शोधते. चिकाटी कमी पडून अंडी पडली आणि पिल्ले निघाली, तर मात्र पाच आठवडे माणसानेच माघार घ्यावी. विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी शिंपडून ओली करावी, मास्क बांधून खरवडावी. आणि जाळी लावायचीच, तर ती ताणलेली, दोन इंचांहून लहान छिद्रांची आणि चारही कडा तारेने भिंतीला आवळलेली हवी. पक्षिमित्रांचा जाळ्यांवरचा राग अनाठायी नाही. सैल, स्वस्त नायलॉनच्या जाळीत पाय अडकून उलटे लोंबकळणारे कबुतर मी पाहिले आहे, आणि अशा जाळीत घुबडे व वटवाघळेही सापडतात. तो दोष मात्र जाळीच्या कल्पनेचा नाही, सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देण्याच्या आपल्या सवयीचा आहे. फाटलेली जाळी ही न लावलेल्या जाळीहून वाईट, कारण पक्ष्याला आत येण्याची वाट सापडते, बाहेर जाण्याची सापडत नाही.

परंतु उत्तम जाळीही एका घरापुरती लावली तर काय होते? ४०२ ची खिडकी बंद झाली की जोडी ५०२ वर जाते. ५०२ ने लावली की ३०२ वर येते. शेवटी कबुतरे त्या घराच्या वाट्याला येतात ज्याला जाळी परवडत नाही, किंवा ज्याचा मालक परदेशी आहे. डक्ट तर कोणाचाच नसतो. तो सोसायटीचा असतो, म्हणजे कोणीही साफ न करण्याचा. वरून उघडा डक्ट माथ्यावर एका मोठ्या जाळीने बंद करणे, बंद फ्लॅटच्या मालकाला खिडक्या लावून घेण्यास भाग पाडणे, पुनर्विकासाच्या नकाशांत उघडे कोनाडे मंजूरच न करणे, ही कामे गृहनिर्माण संस्थेची आणि महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाची आहेत. गच्चीवर पाण्याच्या टाकीसाठी झाकण सक्तीचे करणारे शहर डक्टसाठी जाळी सक्तीची का करू शकत नाही? पूर्वी डासांसाठी हे सुचले, कारण हिवताप सगळ्यांना होतो असे आपण मानले. कबुतराचा त्रास ज्याच्या त्याच्या नशिबाचा मानला. दाणे टाकणाऱ्यास पाचशे रुपये दंड आहे. अख्खा डक्ट उघडा ठेवणाऱ्या बिल्डरला किती?

आमच्या सोसायटीत हा विषय दोन वार्षिक सभांत तावातावाने निघाला आणि दोन्ही वेळा चौकासारखाच संपला: एक गट गच्चीवर दाणे टाकणाऱ्या, सगळे ज्यांना ‘बा’ म्हणतात त्या आजींच्या विरुद्ध, दुसरा त्यांच्या बाजूने. तिसऱ्या वर्षी सचिवांनी विषयपत्रिकेवर दाण्याचा उल्लेखच ठेवला नाही. ‘दुरुस्ती निधीतून डक्टची जाळी’ एवढेच लिहिले आणि ठराव विनाविरोध मंजूर झाला. जाळी घालण्याआधी आत कुठे पिल्ले आहेत का, हे पाहण्याचे काम कोणी घ्यायचे असा प्रश्न आला, तेव्हा बांनी हात वर केला. त्यांना पाचव्या मजल्याच्या पाइपामागे दोन पिल्ले सापडली, अजून पिवळ्या लवेची. त्या म्हणाल्या, ही उडेपर्यंत काम नाही, आणि तोवर गच्चीवरचा दाणा मी रोज एकेक मूठ कमी करते. जाळीवाल्याला आम्ही एकोणतीस दिवस थांबवले. तो वैतागून एक दिवसाआड फोन करी, आणि नमस्काराच्याही आधी विचारी, ‘साहेब, पिल्लं उडाली का?’